दमणारी घंटी

जुन्या बॅटऱ्या जमवतो म्हटलं की तुम्ही मोबाईलच्या बॅटऱ्यांचा डबा डोळ्यांसमोर आणला असेल. राहू द्या तो. माझ्या बॅटऱ्या लोणच्याच्या बरणीसारख्या दिसतात. काचेची बरणी, त्यात नवसागराचं पाणी, बाजूले जस्ताची सळई, अन् मधात मातीचं भांडं, काळी पूड ठासून भरलेलं. वीज नवीननवीन होती तेव्हाच्या. माझ्याजवळ चार आहेत. चालत होती एकच.

ती शेजारच्या आजोबांची. तिच्यावर त्यांच्या घरची घंटी वाजायची. चहा झाला की आजी स्वयंपाकघरातून तीच दाबायची. आजी गेली, अन् घंटी दाबणारं कोणी राहिलं नाही. धंतोलीत ऑपरेशनले भरती व्हायच्या आधी आजोबा बरणी अन् घंटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "दवाखान्यात बरणी नेऊ देत नाहीत. मले आत नेतील त्याच्या आधी फोनवर ऐकव. बाकी काही नको."

मी हो म्हटलं. अन् इकडं आईनं दिवाळीची सफाई काढली.

आंघोळ करून आलो तर मातीचं भांडं राखेनं घासून पालथं घातलेलं. काळी पूड तुळशीत.

"कोळसाच भरला होता त्यात," आई म्हणाली. "बरणीत लिंबाचं लोणचं टाकतो आता."

"आई, ते चालू होतं."

"मातीचं भांडं कुठं चालू राहते रे?"

मी तुळशीतली पूड वेचली, ठासली, तारा जोडल्या, फुंकर मारली, हात जोडले. घंटी हू नाही की चू नाही. तेवढ्यात फोन आला.

"स्ट्रेचर आलं गा. वाजव."

काटोलच्या शाळेत मी तोंडानं घंटी वाजवून अख्खा वर्ग घरी पाठवला होता. दुसरं काही सुचलंच नाही. फोन तोंडाजवळ धरला अन् जीभ सोडली. ट्रर्रर्र. चांगलं अर्धं मिनिट, एका श्वासात.

मग आजोबा बोलले.

"आमची घंटी दाबून धरली की दमते. आवाज बसत जाते, मग तिले आराम द्या लागते. जन्मभर ऐकली मी. तू तर दमलाच नाहीस."

"आजोबा, ते भांडं..."

"बिघडली तर बिघडली म्हणाव ना, गधड्या. मी काय लहान पोरगा आहो काय? काहून फसवून राहिला मले? आता आत जाताना हिच्या चहाची घंटी आठवाव म्हटलं, तर कानात तुझं थोबाड. ठेव फोन."