चौकटवालीच्या सासूबाई

कारखान्यात तिला सगळे चौकटवाली म्हणत. तिथे बेकऱ्यांसाठी मोठमोठे मिक्सर बनत, आणि त्यांच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांसाठी तिने एक सॉफ्टवेअर रचलं होतं. प्रत्येक कृतीची एक चौकट, तिच्या आधी इशाऱ्याची चौकट. इशारा लिहिल्याशिवाय पान पुढे सरकायचंच नाही. लेखकांनी त्याचं नाव ठेवलं सासूबाई, आणि सासूबाईंच्या तोंडाला पानं पुसायलाही ते लगेच शिकले. इशाऱ्याच्या जागी नुसतं टिंब टाकायचं. झालं काम!

साहेबांपर्यंत कुरबुरी गेल्या. "सोमवारी शेवटचं बघतो," ते म्हणाले. "नाहीतर गुंडाळा."

ती घरी आली ती धुमसतच. लेक कुकरचं झाकण काढायला गेली, तशी ही ओरडली, "थांब! आधी वाफ जाऊ दे."

"मघाशी चमचा घेतला तेव्हा नाही ओरडलीस?"

"चमच्याने काय होणार आहे?" म्हणता म्हणता तिला उमगलं. कारखान्यातल्या तिच्या सासूबाई चमच्यालाही ओरडत होत्या, मग त्यांचं कोण ऐकणार? चूक लेखकांची नव्हती, तिच्या आराखड्याची होती. हे कबूल करणं जिवावर आलं, पण तिने आराखडा बदलला. आता सॉफ्टवेअर फक्त तापणाऱ्या, फिरणाऱ्या किंवा विजेच्या भागापाशीच थांबे आणि विचारी, 'इथे माणसाचा हात कुठे असेल?'

सोमवारी साहेबांसमोर काका बसले. सगळ्यांत जुने लेखक, आणि टिंबं टाकण्यात सगळ्यांत पुढे. मिक्सर धुण्याचा भाग ते झरझर लिहीत गेले. 'बटण बंद करा' झालं. 'झाकण उघडा' लिहिलं आणि प्रश्न आला. "आत, पात्यांपाशी," काका पुटपुटले आणि थबकले. बटण बंद केलं तरी पाती काही वेळ फिरतच राहतात. त्यांनी सावकाश लिहिलं, 'पाती पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नका.'

मग त्यांनी चष्मा काढला. "साहेब, नव्या मिक्सरची पुस्तिका आज छापायला गेलीय. तिच्यात या जागी मी टिंब टाकलंय. छपाई थांबवा आधी. गुंडाळायचं काय ते मग बघू."

साहेबांनी फोन उचलला. चौकटवालीचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि तिने तो लपवलाही नाही.

"राहिल्या का गं सासूबाई?" घरी लेकीने विचारलं.

"राहिल्या तर! काकाच म्हणाले, सासूबाईंना विचारल्याशिवाय आता एक पान छापायचं नाही."