एकशे तीसच्या आत इंदापूर

गेल्या वर्षी भाऊबीजेला मी बारामतीहून इंदापूरला सायकलवर निघालो आणि पोहोचलो ते जनावरांच्या चाऱ्यासाठी उसाच्या वाढ्यांनी भरलेल्या टेम्पोतून. गावाबाहेर चार तरुण सायकलवाले भेटले होते, त्यांच्या बरोबरीनं पळवायला गेलो. सणसर ओलांडलं आणि मांड्यांत गोळे आले.

दहाला येतो म्हणालो होतो, अक्काच्या दारात पोहोचायला एक वाजला. ती माझी थोरली बहीण. मला ओवाळल्याशिवाय ती त्या दिवशी घास घेत नाही, आणि तिला साखरेचा त्रास. सकाळची गोळी घेतलेली, पोट रिकामं. ताट धरलेले तिचे हात थरथरत होते. सुनेनं तिला खाली बसवून गूळ चारला. मग बसल्या बसल्याच तिनं मला ओवाळलं. तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी बसनं जावं, हा सरळ उपाय होता. पण बावन्नाव्या वर्षी पन्नास किलोमीटर झेपत नाहीत, हे मला कबूल करायचं नव्हतं. गावातल्या एका जुन्या सायकलपटूला विचारलं. तो म्हणाला, "हळू चालवा. इतकं हळू, की लाज वाटली पाहिजे. नाडी एकशे तीसच्या वर जाऊ द्यायची नाही. आठवड्यातनं चार दिवस, वर्षभर." बोलताना वाक्य मधे तुटलं तर समजायचं वेग जास्त झाला, ही त्याची दुसरी खूण.

मी मनगटावर नाडी दाखवणारं घड्याळ बांधलं आणि पहाटे कऱ्हाटीच्या रस्त्याला लागलो. एकट्यानं बोलायचं काय? म्हणून लहानपणी पाठ केलेली औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मोठ्यानं म्हणायचो. एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा. चढाला दम लागून अडलो की गिअर हलका करायचा.

लाज पहिल्याच आठवड्यात वाटली. दुधाच्या दोन किटल्या अडकवलेल्या साध्या सायकलीवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ मला मागं टाकून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी थांबलेच.

"राव, बरं न्हाय का?"

"बरं आहे की."

"मग कुणाचा जप चाललाय?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी एवढी भारी सायकल घेतली, ती हळू चालवायला. व्हय?" म्हणाले आणि निघून गेले. घरी बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, त्यांना म्हणावं, येताना अर्धा लिटर आमच्याकडं टाका. हे यायच्या आधी चहा तरी होईल."

वहीत मी दर फेरीनंतर तीन आकडे लिहीत होतो: अंतर, वेळ, सरासरी नाडी. जानेवारीत एकशे तीसच्या आत ताशी चौदा किलोमीटर होत होते. मार्चपर्यंत तेच. सोडून द्यावं असं दोनदा वाटलं. मे महिन्यात साडेपंधरा झाले, सप्टेंबरात साडेअठरा. नाडी तीच, रस्ता तोच. एका सकाळी मी किटलीवाल्या तात्यांच्या शेजारून पुढं गेलो आणि जाता जाता बोलूही शकलो. "आज कारखान्याचं इंजिन बसवलंय वाटतं," ते म्हणाले.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी अक्काला फोन केला. "दहाला येतो."

"सायकलनं?"

"सायकलनं."

"बाबा, तुझी हौस हाय, पर उपास माझा हाय."

साडेसहाला निघालो. साडेअठराच्या हिशोबानं पावणेतीन तास, वर पाऊण तास राखून ठेवलेला. सणसरला साडेसात वाजता होतो, नाडी एकशे चोवीस. त्यानंतर उसाचे फड मागं पडून रान मोकळं झालं आणि समोरून वारा सुरू झाला. तेव्हा माझी चूक ध्यानात आली. वर्षभर मी कऱ्हाटीला जाऊन-येऊन सरासरी काढत होतो. एका बाजूनं वारा अडवायचा, दुसऱ्या बाजूनं ढकलायचा, आणि वहीत दोन्ही मिटून जायचं. इंदापूर एकाच बाजूला होतं. साडेआठला तीस किलोमीटर झाले, वेग बारावर आला. उरलेल्या वीसला एक तास चाळीस मिनिटं. राखलेला सगळा वेळ संपला होता.

बहिणींकडं निघालेल्या मोटारसायकली शेजारून जात होत्या. एकानं विचारलंसुद्धा, "दोरी बांधू का, काका?" जोर लावला असता तर दहा गाठता आले असते. लावून पाहिला, घड्याळानं एकशे अठ्ठेचाळीस दाखवले. गेल्या वर्षी हेच केलं होतं. दहा मिनिटांसाठी तीन तासांचा उशीर. मी गिअर हलका केला, थांबून फोन लावला.

"अक्का, वारा हाय. दहा-पंधरा मिनिटं उशीर व्हईल. तू खाऊन घे."

"तू पडलायस का कुठं?"

"न्हाय."

"मग ये. घाई करू नगंस."

दहा वाजून चौदा मिनिटांनी पोहोचलो. अक्का ओट्यावरच बसली होती. तिनं आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. हात धुऊन पाटावर बसलो. तिनं ओवाळलं; या वेळी मी निरांजनाच्या ज्योतीपेक्षा तिच्या बोटांकडंच जास्त पाहत होतो. ताट स्थिर होतं.

"आता जेव आधी," मी म्हणालो.

ती हसली. "आठलाच कपभर दूध आन् अर्धी भाकरी खाल्ली रं मी. सायकलवाल्याचा काय भरवसा?"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाऊण. अर्धी न्हाय."

मला वाईट वाटायला हवं होतं कदाचित. वाटलं नाही. आम्ही दोघं शेजारी जेवायला बसलो आणि अक्कानं उरलेली पाव भाकरी माझ्या ताटात टाकली.