कुंपणाखालची नाचणी

बायआत्याला घाई ठाऊक नव्हती आणि माघारही ठाऊक नव्हती. चुलीवर डाळ चढवली की तिने कधी झाकण काढून पाहिलं नाही. "पेरलं की बाजूला व्हावं," ती म्हणे. "सारखं उकरून बघणाऱ्याचं काही उगवत नाही." ती आमच्या घरच्या बोलीत बोलायची; मी इथे सरळ मराठीत देते आहे. त्यात तिची धार थोडी कमी होते, इलाज नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. गिरीज गावी आमच्या वाडीत दोन घरं, एक पप्पांचं, एक धाकट्या काकांचं. ती सकाळी आमच्याकडे चहा घ्यायची आणि रात्री काकांकडे जेवायची. नव्वदच्या दशकात भावांची वाटणी झाली, ती भांडून. अंगणातून काटेरी तार गेली. विहीर आमच्या बाजूला आली, केळीची बाग काकांकडे गेली. भांडी वाटली, हत्यारं वाटली. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. त्यांनी आजीचा नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या मातीच्या मूर्तीही वाटून घेतल्या. मरिया, योसेफ आणि गाय आमच्याकडे. बाळ येशू, गाढव आणि बाळाच्या दर्शनाला दुरून चालत येणारे तिन्ही राजे काकांकडे.

त्या नाताळात आमच्याकडे आईबाप रिकाम्या गवताकडे बघत बसले आणि काकांकडे बाळ गाढवाच्या भरवशावर पडून राहिलं.

"बाजारातून दुसरं बाळ आणू या," आई म्हणाली.

"बाळ काय बाजारात मिळतं?" बायआत्या म्हणाली. "वाट बघा. आगमनकाळ असतो कशाला मग?"

वाट बघणं हे तिच्या लेखी काम होतं, आणि ते ती कामासारखंच करायची. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी चर्चमधून आली की ती परातींत माती भरून नाचणी पेरायची. नाताळपर्यंत हातभर नाही, पण बोटभर हिरवं उगवतं. ते गोठ्याभोवती शेत म्हणून मांडायचं. दोन्ही घरांत ती न चुकता पेरायची. काही वर्षं अशी गेली. मी एकदा म्हटलं, "निदान हल्ली शांतता तरी आहे. भांडत नाहीत."

"गप्प बसणं म्हणजे शांती नव्हे गं. गप्प तर विहिरीतला दगडही बसतो."

मग एका वर्षी ती नाचणी घेऊन अंगणात गेली, तारेखाली बसली आणि तारेच्या अल्याड-पल्याड सलग पट्टा पेरला.

"बाय, हे काय?" पप्पांनी विचारलं.

"यंदा गोठा इथे."

"तारेखाली?"

"तार तुमची. जमीन आईची."

देवाचं शेत तुडवायची हिंमत कोणाची नव्हती. पण पाणी? आमच्या बाजूला विहीर होती. काकांकडे नळ, तोही दिवसाआड. बायआत्या रोज आमच्याच बाजूला पाणी घालायची. आमचं हिरवं झालं, काकांचं उगवून पिवळं पडू लागलं.

"तिकडे का घालत नाहीस?" पप्पा वैतागले.

"विहीर तुझी. तुझं पाणी मी कोण देणार? वाळू दे. अर्ध्या वाळक्या शेतात निजवू देवाला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पा झारी घेऊन आले. तारेतून हात घालून त्यांनी पलीकडे पाणी घातलं. शर्टाची बाही फाटली. काका ओट्यावरून बघत होते. सकाळी आमच्या बाजूच्या तारेला पिकल्या केळ्यांची फणी अडकवलेली होती. बायआत्याने तिथेच उभ्याने एक सोलून खाल्लं. "गोड आहेत," ती दोन्ही घरांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

आगमनकाळाच्या तिसऱ्या, चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लावतात त्या रविवारपर्यंत दोन्हीकडचं सारखं हिरवं झालं होतं.

नाताळच्या आदल्या दुपारी काका टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन तारेपाशी आले. गोठा मांडायचा, तर मधोमध तार. अल्याड पप्पा उभे होते.

"दादा, पकड आहे का?"

"पकड तुझ्याकडे. वाटणीत तूच मागून घेतलीस."

आधी काका हसले. मग पप्पा असे हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. "हे धर," म्हणून काकांनी तारेवरून बाळ त्यांच्या हातात दिलं आणि पकड आणायला धावले. पप्पा ते इवलंसं मातीचं बाळ दोन्ही हातांत धरून उभे, जणू कुणी आत्ताच ओलं पोर सोपवलंय. तार टणकन तुटली. आई आणि काकू रडू लागल्या. बायआत्या नाही.

"रडता काय? राजांना आणा. इतकी वर्षं चालतायत बिचारे."

ती गेली तेव्हा दोघा भावांनी तिला एकाच फाटकातून खांद्यावर नेलं. नाचणी आता मी पेरते, आणि उकरून बघत नाही. कुंपणाचे दोन खांब मात्र अजून उभे आहेत. तीच तार सरळ करून त्यांच्यामध्ये दर डिसेंबरात आम्ही नाताळचा तारा टांगतो. काका ते खांब उपटायला निघाले होते, तेव्हा बायआत्यानेच अडवलं होतं.

"राहू दे रे. जिंकलो कुठे, ते दिसायला नको?"