पाचवं शील
आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, आणि माझ्या धाकट्या भावाला याचा फार तोरा होता. एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात भट्टीपुढं उभं राहून त्याची कंबर गेली, तेव्हा सोबतच्या कुणीतरी दुखण्यावरची गोळी दिली. एकीच्या दोन झाल्या, पुढं मोजदाद राहिली नाही. मी टोकलं की हसायचा. "ताई, दवा हाय ती, दारू थोडीच हाय?"

मग तालुक्याला सरकारी नशामुक्ती मेळावा झाला. मांडव, टोप्या, स्पीकर, लग्नाला लाजवेल असा थाट. बॅनरवर बाटली आणि तिच्यावर लाल फुली. गोळीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. हा पठ्ठ्या शपथ घेऊन खुशीत घरी आला. म्हणाला, "आपलं त्यात कायीच न्हाई."

पण गोळी मिळाली नाही की अंग मोडून यायचं, घाम फुटायचा, ओकाऱ्या व्हायच्या. हळूहळू त्याला कळून चुकलं, ही पण नशाच. पौर्णिमेला विहारात आम्ही पंचशील म्हणत होतो. चार शीलं तो सगळ्यांबरोबर म्हणाला. पाचव्याला, नशेपासून दूर राहण्याच्या शीलाला, गप्प झाला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "हा आजार आहे. गोळी अफूच्या जातीची आहे, एकदम सोडू नका. यावर औषध आहे, पण आमच्याकडे येत नाही. संभाजीनगरला जावं लागेल, सारखं." मेळाव्याच्या साहेबांना मी विचारलं, मांडवाच्या पैशात ते औषध का नाही आणत? "मॅडम, तो निधी जनजागृतीचा. औषधाचं हेड वेगळं." इतका संताप आला की मला रडूच फुटलं.

भाऊ संभाजीनगरला दोन-चार खेपा गेला. खाडे पडले, मुकादम बोलला. मग हट्टानं त्यानं आपलं आपणच गोळ्या एकदम सोडल्या आणि कितीतरी दिवस तडफडत काढले. कंबरेच्या दुखण्यानं पुन्हा उचल खाल्ली तेव्हा पूर्वीइतक्याच गोळ्या एकदम घेतल्या. तेवढ्या पेलायची अंगाची सवय मोडली होती. सकाळी उठलाच नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला एक जाणते गृहस्थ बोलायला उभे राहिले. "लेकरू बिलकुल निर्व्यसनी व्हतं," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले, "तो आजारी व्हता. औषध न्हाई मिळालं त्याला."

आईनं पदर धरून मला खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे, बाई," ती म्हणाली. "एवढं तरी नाव ऱ्हाऊ दे त्याचं."