उजवा कान

कारखान्यात त्याला सगळे नाडीवाले म्हणत. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात मोटारी, पंप आणि पंखे पुष्कळ, आणि त्यातलं कोण आतून कुरकुरतंय हे ओळखायचं काम याचं. पद्धत जुनीच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, लाकडी मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचं, "चालू दे अजून," नाहीतर "आत्ताच उघडा." साहेबांनी कंपनं मोजायचं यंत्र आणलं होतं आणि तेही खरंच सांगे, पण साहेब शेवटी विचारत, "नाडीवाले, तुमचं काय म्हणणं?" एवढ्या एका प्रश्नावर गडी खूश असे.

अशा माणसाला सर्दी झाली आणि ती नाकातून वर चढली. गालाची हाडं ठणकू लागली, वाकलं की कपाळ जड होई. सायनसचा संसर्ग म्हणून गोळ्या सुरू झाल्या. त्यातच उजव्या कानाला दडे बसले. मूठ कानाला लावावी तर मोटार जणू शेजारच्या घरात चाललीय. रजा घ्यायची तर कारण सांगावं लागणार, आणि हे कारण सांगण्यापेक्षा त्याला जीभ चावलेली परवडली असती. मग त्याने शक्कल काढली. आसपास कुणी नाही असं बघून त्याने मूठ दातांत घट्ट धरली. आवाज हाडांतून थेट डोक्यात आला, अगदी लख्ख! तेव्हापासून तो पाळीभर असाच मूठ चावत यंत्रं ऐकू लागला.

गोळ्या संपल्या, नाक मोकळं झालं, गाल शांत झाले. कान मात्र दुखतच राहिला. घास चावला की कळ, जांभई दिली की कळ, आणि सकाळी उठावं तर आत ठणका हजर. घरी त्याने ताकास तूर लागू दिली नाही, पण मेहुण्याने एकदा त्याला कान दाबताना पाहिलं. मेहुणा म्हणजे सगळ्या रोगांचा जाणकार, स्वतःला त्यातला एकही न झालेला.

"सायनसचं कानात उतरलं असणार, दाजी," तो म्हणाला. "आधी पडदा फाटतो, मग कानामागचं हाड सडतं. तिथून मेंदू काही लांब नाही." एवढं सांगून त्याने बहिणीकडे चहा मागितला.

मेहुण्याचं बोलणं याच्या डोक्यातून गेलंच नाही. दर थोड्या वेळाने तो कानामागचं हाड चाचपून बघे. उशीवर डाग आहे का बघे. चिमटीची बोटं कानापाशी चोळून बघे. ऐकू आलं तरी वाटे, हे मनाचेच खेळ. तो घाबरला होता. कान गेला तर आपण कोण, हा एकच प्रश्न त्याला खात होता. एके दिवशी साहेब शेजारी उभे राहून काहीतरी विचारून गेले आणि याला पत्ताच नाही. सगळे हसले, हाही हसला, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "अगं, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येशील?"

कानाच्या डॉक्टरबाईंनी नळीतून कानात बघितलं, पडदा दाबाने हलतो का तेही तपासलं. त्या बोलेपर्यंत याचा जीव टांगणीला.

"नाक सुजलं की नाकातून कानाकडे जाणारी नळी बंद होते आणि पडद्यामागे पाणी साठतं," त्या म्हणाल्या. "तुमचं तसं झालं असेल, पण आता पाणी नाही. कानामागचं हाडही ठीक. कधी वरच्या दाढेचं दुखणं कानात जातं. आ करा बघू." दाढा ठोकून झाल्या. मग त्यांनी कानापुढे बोट ठेवलं. तोंड उघडताना तिथे कट् झालं आणि हा कळवळला.

"जबड्याचा सांधा सुजलाय. दातांत काय धरता हो तुम्ही?"

लाजत लाजत त्याने सांगितलं. डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मूठ चावणं बंद, काही दिवस मऊ खाणं, शेक, असं त्यांनी सांगितलं आणि खात्रीसाठी बंद खोलीत ऐकण्याची चाचणी करून घेतली. आवाज आला की बटण दाबायचं.

चाचणीचा कागद बघताना मात्र त्या हसल्या नाहीत. "उजवा कान छान आहे. डावा बराच उतरलाय. हे आजचं नाही, यंत्रांच्या आवाजाने हळूहळू झालंय. गेलं ते परत येत नाही. उरलेलं सांभाळायचं, आजपासून कामावर कानांना संरक्षण लावायचं."

तो बाहेर आला. डावा कान कधी दुखला नव्हता, त्याला कधी कुणी चाचपलं नव्हतं. बाकावर बायको बसली होती. तिच्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "उजवा चांगलाय गं. डावा गेलाय. कधीचाच."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि उठून त्याच्या उजव्या बाजूला आली. "दोन वर्षं झाली, मी इकडूनच बोलते."