कोरडी पाठ

शालिग्राम सरांच्या नजरेत वना पहिल्यांदा आला तो त्याच्या कोरड्या पाठीमुळे. चौऱ्याऐंशी साल, चाळीसगावजवळच्या एका खेड्यातली शाळा. मैदानाला चार फेऱ्या झाल्या की हे नवे सर मुलांच्या पाठीवरून हात फिरवीत. ओली पाठ सावलीत, कोरडी पाठ आणखी एका फेरीला. आठवीतल्या वनाची पाठ खडखडीत होती.

"अंगचोरपणा करतोस?" म्हणून सरांनी त्याला पुन्हा पिटाळले. पोर मुकाट्याने पळाले आणि अर्ध्या वाटेत कोसळले.

आई कमलबाई शेतातून धावत आली. त्याच्यावर घागर रिकामी करत म्हणाली, "गुर्जी, त्याले घामच येत नई. बठ्ठा गावले माहीत शे, तुमलेच नई."

सर स्वतः त्याला जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेले. विरळ केस, तोंडात चारच दात आणि कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत, सगळे जन्मापासूनचे. "अंग तापतं, पण निवत नाही," डॉक्टर म्हणाले. "पळू द्या त्याला. पण गार वेळी, ओल्या कपड्यात, थांबत थांबत."

वनाला तेवढेच हवे होते. पळणे सोडून त्याला दुसरे वेड नव्हते. दिवस उगवायच्या आत दोघे पाटाच्या कडेला जात. वना बनियन भिजवून पळे, टप्पा संपला की पाण्यात गळ्यापर्यंत बसे. सर घड्याळ पाहत आणि त्याच्या मानेवर तळवा ठेवत. मान निवली तरच पुढचा टप्पा.

पाटावर येणारी पोरे ओरडत, "म्हैस उनी रे, म्हैस उनी!"

वना चार दात दाखवत म्हणे, "दूध मांगशात ते लाथ भेटी!"

दहावीत असताना त्याची पंधराशे मीटरसाठी निवड झाली. स्पर्धा धुळ्याला, ऑक्टोबरात. शर्यत सकाळी सातची होती. पण उद्घाटनाचे पाहुणे आले नाहीत, म्हणून ती नऊवर गेली, मग अकरावर. सरांनी आणलेला पाण्याचा डबा वनाच्या डोक्यावर ओतता ओतता संपला. मैदानावरचा टँकर मंडपापुढची धूळ बसवायला गेला होता. सर दोनदा बादली मागायला गेले. "पाहुणे गेले की बघू," असे उत्तर आले.

साडेबाराला नावे पुकारली. बनियन केव्हाच वाळले होते. सरांनी वनाच्या मानेवर तळवा ठेवला. अजून एक पाऊलही न पळालेली मान तव्यासारखी तापली होती.

"सर, पयू द्या ना," वना म्हणाला. "एकच डाव."

"नाही, वना."

"दोन वरीस पान्यात बसनू, सर."

सरांनी जाऊन नाव खोडले. परत आले तेव्हा तो लिंबाच्या सावलीत मैदानाकडे पाठ करून बसला होता. शर्यत झाली. सवयीने सरांनी घड्याळ लावले होते. पहिल्या आलेल्या मुलाला वनाच्या पाटावरच्या पंधराशेच्या वेळेपेक्षा अकरा सेकंद जास्त लागले. हे त्यांनी वनाला कधीच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सर पहाटे पाटावर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशीही. वना आला नाही. कमलबाई एवढेच म्हणाली, "तुम्ही बरंच करं, गुर्जी. पन त्यानं मन मोडनं."

वना आता भुसावळला एका बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. पहाटे ओला टॉवेल खांद्यावर टाकून तो कामावर चालत जातो.