स्लिम फिट, पण माया ठेवून

मे महिन्याच्या भर दुपारी जामखेडच्या एसटी स्टँडवर सूट घालून उभा असलेला माणूस एकतर नवरदेव असतो, नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं. मी जर्मनीला निघालो होतो. कोट घडी घालून बॅगेत ठेवत होतो, तर आई म्हणाली, "चुरगळंल. आंगात घाल." खरं म्हणजे तो स्टँडवर चार लोकांनी बघावा अशी तिची इच्छा होती. मी घातला. शेंगा विकणाऱ्या म्हाताऱ्यानं वऱ्हाड कुठंय म्हणून विचारलं. माझा धाकटा भाऊ नवनाथ बॅगा डिकीत ढकलत होता, तो ऐकून खो खो हसत सुटला. रडायला लागलेली आईसुद्धा हसली, आणि मग दोन्ही एकदमच करायला लागली. पाठीतून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी कोट काढला नाही.

माझा तो पहिला सूट. त्याच्या कटावरून घरात आठवडाभर वाद झाला होता. मी तेव्हा नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर होतो. खोलीवरच्या पोरांनी मोबाईलवर फोटो दाखवून माझं डोकं खाल्लं होतं. दोन बटणी पाहिजे, मागं दोन कट पाहिजेत आणि मुख्य म्हणजे स्लिम फिट पाहिजे. ढगळा कोट घालून परदेशात गेलास तर लोक हसतील, म्हणे. हे सगळं पाठ करून मी जामखेडला मुनीरभाई टेलरांच्या दुकानात गेलो. आईही बरोबर आली, नको म्हणत असताना.

मुनीरभाईंनी माप घेतलं. आई म्हणाली, "भाई, माया ठेवा बरं का." शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, पुढं कपडा उसवून वाढवता यावा म्हणून, त्याला माया म्हणतात. आमच्या घरात मायेशिवाय एक कपडा शिवला गेला नाही. शाळेची चड्डी, नवनाथचे शर्ट, तिची स्वतःची पोलकी, सगळ्यांत माया.

"आक्का, पोरगं स्लिम फिट म्हनतंय," मुनीरभाई म्हणाले. "त्यात माया कुठं घालू? फुगंल की कडंनं."

"फुगू द्या. लेकरू हाय, आंगात भरंल आजून."

लेकरू सव्वीस वर्षांचं होतं. दुकानातली माणसं माना खाली घालून हसत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मुनीरभाईंनी दोघांचंही ऐकलं. कोट बाहेरून स्लिम फिट झाला आणि आतून, दोन्ही कडांना, पाठीत, खांद्याला, जाड पट्ट्यांसारखी माया. घातला की बरगड्यांपाशी लोड ठेवल्यासारखा फुगायचा. मी लई चिडलो. आईला त्याचं काहीच वाटलं नाही.

इथं जर्मनीत कामाच्या पहिल्या दिवशी मी तोच सूट घालून गेलो. सगळे निळ्या पँटीत आणि सेफ्टी शूजमध्ये. मला तपासणीला आलेला कुणी साहेब समजून त्यांनी आधी कॉफी दिली. नंतर कळलं, तेव्हा जे हसले, ते अजून अधूनमधून हसतात. सूट परत घालायची वेळ आली नाही. पहिल्या सुट्टीत गावी आलो तेव्हा तो आणून आईच्या हवाली केला. तिनं डांबरगोळ्या टाकून लोखंडी कपाटात टांगला आणि मी तो विसरून गेलो.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे सांगायला नको. टर्मिन, म्हणजे आधी वेळ, घेतल्याशिवाय इथं डॉक्टर सोडा, शेजारीसुद्धा भेटत नाही. सुरुवातीला त्याचा राग यायचा, आता मीही कुणी न कळवता दारात आलं की दचकतो. रविवारी ब्रोट कापताना आईशी व्हिडिओ कॉल करतो. ती विचारते, "आज बी पावच का?" मी हो म्हणतो. मग ती फोन नवनाथकडं देते.

नवनाथबद्दल सांगायचं राहिलं. आमचे आबा गेले तेव्हा मी आयटीआयला होतो आणि तो दहावीला. शेत कोण बघणार हे कुणी ठरवलं नाही, ते ठरून गेलं. मी शिकलो, तो राहिला. उडीद, तूर, ज्वारी आणि दोन म्हशी त्यानं एकट्यानं ओढल्या. त्याचं लग्न मात्र जमेना. पोरगा निर्व्यसनी, जमीन स्वतःची, पण शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहा पिऊन उठायचे. तो चेष्टेवारी न्यायचा. आई नाही न्यायची.

गेल्या वर्षी जमलं. मुलगी राहात्याची, नर्सिंग केलेली, तिनंच होकार दिलेला. माणसं पाटाच्या पाण्याखालच्या जमिनीची, पेरूच्या बागा असलेली. नवरदेवाचा सूट मुलीकडच्यांनी घ्यायची पद्धत आहे, पण नवनाथनं भर बैठकीत सांगून टाकलं, "सूट माझा दादा आननार हाय. जर्मनीवरनं." मला फोनवर हळूच म्हणाला, "दादा, तिकडं कसला कट चालतोय तसला आन. ती माणसं लई बारीक बघत्यात. त्यांच्यात मला उगं कमी नको दिसाय." इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

मी इथल्या सगळ्यात चांगल्या दुकानात गेलो. आईनं पोलकी मापायच्या टेपनं छाती-कंबर मोजून पाठवली होती. गडद निळा, दोन बटणी, मागं दोन कट. हँगरवर असा दिसत होता की मीच दोनदा हात फिरवला. खांदे मोजायचं तेवढं कुणालाच सुचलं नव्हतं.

लग्नाला चार दिवस होते. नवनाथनं कोट चढवला आणि हात पुढं घेतले, तर पाठीत टरकन आवाज आला. पोती वाहून वाहून त्याचा उजवा खांदा जाड झालाय आणि उतरलायही. इतकी वर्षं त्याला मी बहुतेक मोबाईलच्या चौकटीत, समोरून बघत होतो. मला तो खांदा कधी दिसलाच नाही.

त्यानं कोट काढून नीट घडी घातली. "ऱ्हाऊ दे दादा, शर्टावर हुभा ऱ्हातो," म्हणाला. शर्टावर उभा राहील तो, आणि राहात्याची माणसं विचारतील, काय झालं जर्मनीच्या सुटाचं. मी कोट उचलला, नवनाथला गाडीवर बसवलं आणि मुनीरभाईंकडं गेलो.

त्यांनी अस्तर उसवून बघितलं. "कापड झ्याक हाय," म्हणाले. "पर आत मायाच न्हाई. वाढवू कुठनं? आन नवा कोट चार दिवसात व्हत न्हाई, लगीनसराई हाय."

नवनाथनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. दोघांनाही एकदमच आठवलं. लोखंडी कपाट.

माझा जुना कोट मुनीरभाईंनी हातात घेतला आणि हसले. "ह्यो फुगलेला? आक्कानं लई डोकं खाल्लं हुतं माजं." कडा उसवल्या, पाठ उसवली, खांदे उसवले. सगळीकडं माया. पँटीतही होती. दोन दिवसांनी नवनाथनं तो घातला तेव्हा कुठंही ओढत नव्हता, कुठंही फुगत नव्हता. मी म्हणालो, "भाई, उजवीकडं एक जादा पॅड टाका, खांदे सारखे दिसतील." नवनाथ आरशातनं माझ्याकडं बघत म्हणाला, "कशाला? पोती उचलून उतरलाय, चोरून न्हाई. तिनं बघूनच व्हय म्हनलंय."

घरी आलो तेव्हा आई लग्नाची तूरडाळ निवडत बसली होती. मी चेष्टेनं म्हणालो, "आई, माझी माया नवनाथनं पळवली."

तिनं वरही बघितलं नाही. "तुजी कुठं हुती? तू कवा जाड व्हनार हुतास? तुज्या आबावर ग्येलाय त्यो, रुंद. म्हनून ठिवायला लावली. तू चालला हुतास लांब. ह्येच्या आंगावर कोट कोन घालनार हुतं?"

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. एवढी वर्षं ज्या गोष्टीवरून मी तिला चिडवत होतो, मनातल्या मनात जपत होतो, ती माझी नव्हतीच. मग वाटलं, बरं झालं. स्टँडवर ती मला बघून रडत होती, तेव्हाही तिचा अर्धा जीव बॅगा ढकलणाऱ्याकडं होता. तिथं राहणाऱ्याकडं कुणीतरी बघायलाच हवं होतं.

लग्नात मुलीच्या चुलत्यांनी नवनाथच्या बाहीचं कापड बोटात धरून बघितलं. "जर्मनीचा का पाव्हनं?"

मी मागंच उभा होतो. नवनाथ म्हणाला, "न्हाई. दादाचा हाय." इतक्या तोऱ्यात म्हणाला की चुलत्यांनी मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही.

परत निघताना नवनाथनं कोट इस्त्री करून माझ्यापुढं धरला, तुझा तू ने म्हणून. मी घालून बघितला. आता तो त्याच्या मापाचा झालाय, माझ्या खांद्यावरून ओघळत होता. त्या घरात माझ्या मापाचं तसंही फारसं काही उरलेलं नाही. माझ्या खाटेवर आता त्याचा संसार आहे, चहाचा माझा कप कुणाच्या तरी हातून फुटलाय, आणि ते बरोबरच आहे. जर्मनीत मात्र सगळं माझ्या मापाचं आहे, अगदी अंगाबरोबर, आत काही न ठेवता.

मी कोट काढायला लागलो, तर आईनं हात धरला. पाठीवरून, कडांवरून चाचपून बघितलं, मापाला घ्यावं तसं. माझी चाळिशी आलीय, डोक्यावर निम्मे केस पांढरे आहेत. या वेळी ती नवनाथचं काही बोलली नाही.

"ढिला हुतोय व्हय?" ती म्हणाली. "व्हऊ दे. ऱ्हाऊ दे कपाटात. भरशील आंगात."